पहिल्या पानावरचा खुनी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दुकानदार वजन करायला लागला की माझा डोळा काट्यावर. फोन वाजून बंद पडला की कोण असेल, आणि का ठेवला असेल, यात माझा दिवस जातो. आमचे हे म्हणतात, उद्या देव समोर उभा राहिला तरी तू त्याच्याकडे पुरावा मागशील. मागेनच. रहस्यकथांचं वाचनालय चालवणाऱ्या बाईने भोळं राहून कसं चालेल?

वाचनालय सासऱ्यांनी सुरू केलेलं. घराच्या पुढच्या खोलीत चार कपाटं, एक टेबल आणि भिंतीला लागून दोन बाकं. तीन कपाटांना कोणी हात लावत नाही. चौथ्यात जुन्या रहस्यकादंबऱ्या आहेत आणि सगळं वाचनालय त्या एका कपाटाच्या जिवावर उभं आहे. आडबाजूचा एक बंगला, बाहेर वादळ, आत आठ माणसं आणि एक प्रेत. शिवण उसवलेली, पुन्हा पुन्हा बांधून घेतलेली पुस्तकं. मध्ये मी नवी, गुळगुळीत कव्हरांची आणून पाहिली. त्यांत सगळेच थोडेथोडे खुनी आणि शेवटी कोणाचंच काही ठरत नाही. लोकांनी निमूट परत आणून दिली. त्यांना तो बंगलाच हवा असतो.

सासऱ्यांनी एक पद्धत घालून दिली होती, ती मी मोडली नाही. नवा सभासद आला की त्याने टेबलावर हात ठेवून म्हणायचं, "खुनी सांगणार नाही." डॉक्टर असो की शिंपी, सुटका नाही. लोक हसत हसत म्हणतात, पण पाळतात. मास्तरांनी, म्हणजे भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या आमच्या सर्वांत जुन्या सभासदांनी, अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या सख्ख्या बहिणीलाही कधी खुनी सांगितला नव्हता.

म्हणून कात्रीने ते पुस्तक माझ्यासमोर आपटलं तेव्हा माझा विश्वासच बसेना. कात्री म्हणजे कोपऱ्यावरचा शिंपी. दुसऱ्याचं बोलणं मध्येच कापतो म्हणून सगळे त्याला कात्री म्हणतात.

"वहिनी, हे काय आहे बघा."

पहिल्या पानावर, बरोबर मधोमध, पेन्सिलीने लिहिलं होतं: खुनी, माळी.

मी खोडून टाकलं. मग दातांच्या डॉक्टरांच्या पुस्तकावर निघालं: खुनी, धाकटी सून. मग आणखी एक, मग आणखी एक. अक्षर छापल्यासारखं, सुटंसुटं, कोणाचंही असेल असं. मी कपाट उघडून एकेक पुस्तक तपासायला लागले, पण मला सगळी पुस्तकं अशी सरसकट बघायची हिंमत होईना, कारण कितीतरी मीच अजून वाचायची ठेवली होती. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, आता पुस्तक उघडायचीच भीती वाटते." त्यानंतर ते दोनदा रिकाम्या हाताने गेले. असंच चाललं तर दिवाळं निघायला वेळ लागणार नाही, हे मला कळत होतं.

अंगाचा तिळपापड झाला होता माझा. पण रागापेक्षा, खोटं कशाला बोलू, मला एक प्रकारचं स्फुरण चढलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे तपास वाचले. आता स्वतःचा होता.

पहिला मुद्दा साधा होता. खुनी कोण हे लिहायचं तर पुस्तक वाचलेलं असलं पाहिजे. म्हणजे गुन्हेगार सभासदांपैकीच. सगळ्यांत उघड संशय मास्तरांवर. निम्म्या पुस्तकातच खुनी ओळखतो म्हणून मिरवायचे आणि कानावर कायम पेन्सिल. पण इतकं उघड असतं तेव्हा तो माणूस निर्दोष असतो, हे आमच्या कपाटातलं कुठलंही पुस्तक सांगेल. कात्री स्वतः तक्रार घेऊन आला, म्हणून मी त्याच्यावर चार दिवस नजर ठेवली. त्याच्या अंगी तेवढी चिकाटी नाही. डॉक्टर बायकोला न विचारता चहासुद्धा घेत नाहीत.

राहिल्या सिस्टर.

सिस्टर पूर्वी एका मोठ्या दवाखान्यात होत्या. आता घरोघरी जाऊन आजाऱ्यांचं करत. मास्तरांच्या बहिणीचं सगळं त्याच बघायच्या आणि डॉक्टरांच्या वडिलांकडेही त्यांचं जाणं ठरत आलं होतं. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून न्यायच्या, वेळेत आणायच्या, नाकासमोर बघून जायच्या. सगळ्यांत जास्त वाचायच्या त्याच. बिघडवलेलं प्रत्येक पुस्तक त्यांच्या हातून गेलेलं. आणि जिच्यावर कोणाचाही संशय जाणार नाही अशी बाई. हे शेवटचं कारण मला पुराव्यासारखं वाटलं, यावरून मी किती वाया गेले होते ते कळेल.

रविवारी सकाळी सगळ्यांना बोलावलं. बाकांवर दाटीवाटीने बसले. आमचे हेही आतल्या दारात चहाचा कप घेऊन उभे होते, त्यांना पुस्तकांशी काही घेणंदेणं नसतं तरी. मी टेबलामागे उभी राहिले आणि सावकाश, एकेकाला वगळत, पुस्तकात करतात तसं केलं. कात्रीला वगळलं, डॉक्टरांना वगळलं, मास्तरांना वगळलं तेव्हा ते खुशीत हसले. मग मी सिस्टरांकडे वळले.

त्यांनी मान वर केली. "मी नाही," एवढंच म्हणाल्या.

"पुस्तकात सगळे असंच म्हणतात," मी म्हणाले.

कोणीतरी फिस्सकन हसलं. सिस्टरांनी पिशवीतून पुस्तक काढलं, टेबलावर ठेवलं आणि निघून गेल्या. लोकांनी माझं कौतुक केलं. मला ते आवडलं.

त्या आठवड्यात मास्तरांनी बहिणीसाठी दुसरी बाई शोधली. मला म्हणाले, "पेन्सिलीचं काही नाही हो. पण मनात आलं, जी बाई असं गुपचूप करते ती औषधांचं काय करत असेल? उशाशी बसते ती." डॉक्टरांनी वडिलांसाठी येऊ नका म्हणून निरोप धाडला. मला थोडं लागलं, पण वाटलं, करावं तसं भरावं.

पुढच्या आठवड्यात मास्तर आले ते रागाने लाल. हातात पाणचक्कीवाल्या घराचं पुस्तक. ते सिस्टरांनी कधी नेलेलंच नव्हतं आणि पहिल्या पानावर ठसठशीत होतं: खुनी, मामा.

"चुकीचं लिहिलंय," मास्तर म्हणाले. "मी अख्खं पुस्तक मामावर डोळा ठेवून वाचलं. खुनी मामा नाही, आत्या आहे. ती शेवटच्याच्या आधीच्या प्रकरणात कबुली देऊन मरते."

"मग मामा कुठून आला?"

"शेवटच्या प्रकरणात पोलीस मामाला गाडीत घालून नेतात. पण ते खोट्या मृत्युपत्रासाठी. ज्याने पुस्तक वाचलंय तो असं कसं लिहील?"

मास्तर बोलत राहिले, पण मला पुढचं ऐकू येईना. ज्याने पुस्तक वाचलंय तो असं लिहिणार नाही. ज्याने नुसती शेवटची चार पानं वाचलीत तो लिहील. हे मला आधी सुचलंच नव्हतं, कारण शेवट आधी वाचणारा माणूस आमच्यात नव्हता. आमच्या लेखी ते पाप होतं आणि स्वतःच्या मनात न येणारं पाप दुसऱ्याच्या हातून घडेल असं वाटत नाही. म्हणजे गुन्हेगार सभासद नव्हताच. जो वाचत नाही, पण ज्याचा हात कपाटापर्यंत केव्हाही पोचतो, असा तो होता. काखेत कळसा म्हणतात तो हा.

मी स्वयंपाकघरात गेले. हे मोडक्या पंख्याचा स्क्रू फिरवत बसले होते.

"अहो, पाणचक्कीच्या पुस्तकात खून कोणी केला हो?"

"त्या मामाने," ते मान वर न करता म्हणाले. "पोलीस नेतात की त्याला."

"आणि आत्या?"

"कोण आत्या?"

मग त्यांचा हात थांबला. मी समोर बसले.

"पेन्सिलीने तर लिहिलं," ते म्हणाले. "खोडता येतं."

"का केलंत?"

"निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं, आता दोघं निवांत बोलू. तू जेवतानाही पुस्तकात. संध्याकाळ झाली की पुढच्या खोलीत. आठ माणसं आणि एक प्रेत. घरात नववा माणूस आहे, हे कोणाच्या गावी नाही. वाटलं, लोक यायचे थांबले तर तू आत येशील."

हे ऐकून मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मला तो रविवार आठवला.

"मी सिस्टरांना बोलले तेव्हा तुम्ही दारात उभे होतात. चहा पीत होतात."

"मला वाटलं, तुझं समाधान झालं ना, संपला विषय."

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती आणि चोर माझ्याच हातचा चहा पीत होता. त्या दिवशी मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. मग लक्षात आलं, हेच तर ते इतके दिवस सोसत होते, आणि आणखीच संताप आला. कोणाचा, ते विचारू नका.

सिस्टरांची खोली इस्त्रीच्या दुकानावर होती. दोरीवर पांढरे कपडे वाळत होते, स्टुलावर औषधांची रिकामी पेटी. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेला बसल्या. मी सगळं सांगितलं. माफी मागितली. त्या ऐकून घेत होत्या.

"दवाखान्यातही असंच झालं होतं," शेवटी म्हणाल्या. "कपाटातली इंजेक्शनं कमी भरली. मला घरी पाठवलं. पुढे म्हणे ती दुसऱ्याच वॉर्डात सापडली. पण मला ते कोणी सांगायला आलं नाही. मलाही उडत उडत कळलं. ज्यांच्यासमोर मला नेलं होतं, त्यातल्या निम्म्यांना अजून माहीत नसेल."

"तुम्ही त्या वेळी…"

"त्यानंतर ही पुस्तकं वाचायला लागले. तुम्ही सगळे खुनी कोण म्हणून वाचता. मला त्याचं काही नसतं. शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवतात ना, तिथे बाकीचे सुटतात. भर माणसांत सुटतात. नोकराणी असते, नर्स असते, जिच्यावर पानंच्या पानं सगळे संशय घेतात, ती सुटते. तेवढ्यासाठी वाचते मी."



"मी सगळ्यांना सांगेन," मी म्हणाले. "चूक झाली म्हणून सांगेन. सभासदांपैकी कोणी नव्हतं, बाहेरचा होता, असं सांगेन."

"बाहेरचा म्हणून कोणी सुटत नाही वहिनी. इतकी वाचलीत तुम्ही. नाव घेतल्याशिवाय बाकीचे सुटतात का कधी?"

घरी येईपर्यंत मी स्वतःशी भांडत होते. नाव घ्यायचं म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं, हे चारचौघांत कबूल करायचं. उद्या लोक म्हणतील, मालकिणीच्या घरातूनच असं होतं तर पुस्तक न्यावं कशाला? सासऱ्यांचं वाचनालय आणि नवऱ्याची अब्रू, दोन्ही एका वाक्यात जाणार होतं. यांना सांगितलं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मी बसतो समोर. दारात नको."

रविवारी सगळे आले. सिस्टर शेवटी आल्या आणि बाकाच्या टोकाला बसल्या. कात्री किंचित सरकला, जागा करायला की दूर व्हायला, कळलं नाही. मी उभी राहिले. या वेळी कोणाला वगळण्याचा खेळ केला नाही.

"पुस्तकांवर यांनी लिहिलं. माझ्या नवऱ्याने. सिस्टरांनी काही केलं नव्हतं. मी खोटा आळ घेतला."

आधी डॉक्टर हसले. हसू सगळ्या बाकांवर पसरलं. "म्हणजे घरचाच निघाला," कात्री म्हणाला. "वहिनी, हे तर आम्हाला सुचलंच नसतं." यांच्या पाठीवर कोणीतरी थाप मारली. पाच मिनिटांत सगळी गंमत होऊन गेली. सिस्टरांचा सत्यानाश करायला जी चूक पुरली, ती यांच्या अंगावर आल्यावर नुसता विनोद झाली. सिस्टरांकडे कोणी बघत नव्हतं.

मास्तरांना मात्र जाणवलं असावं. ते उठून त्यांच्यासमोर गेले.

"सिस्टर, उद्यापासून या. बहीण रोज विचारते तुम्हाला. नवीन बाईचा हात जड आहे."

"येईन," सिस्टर म्हणाल्या. "पण एक विचारते. उद्या त्यांच्या औषधाची बाटली थोडी लवकर संपली, तर तुम्ही आधी माझ्याकडे बघाल ना?"

खोलीतलं हसू थांबलं. मास्तर खोटं बोलणारा माणूस नव्हे. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि खाली बघत राहिले.

सिस्टरांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाल्या, "मग नको." त्यांनी पिशवी उचलली आणि दाराशी वाकून चपला घातल्या. मी टेबलामागे उभी होते.