कायम जलसाठा

बुधवारी सकाळी साडेदहाला उपग्रह डोक्यावरून गेला आणि जसवंता मारबतेच्या घराचा मागचा अर्धा भाग तलाव झाला. पुढचा अर्धा कोरडा राहिला. घराच्या मधोमध, जमिनीपासून आढ्यापर्यंत, पाणी भिंतीसारखं सरळ उभं होतं आणि एक थेंबही पुढे सांडत नव्हता. चूल या बाजूला होती, ती पेटलेलीच राहिली. खाट त्या बाजूला होती आणि खाटेवर जसवंताची आई भिवरा जाळं विणत बसली होती. तीन वर्षांपासून तिचे पाय उठत नव्हते.

"चाय झाली का वं?" तिनं पाण्यातून विचारलं.

"झाली. तुले बरं वाटते ना, माय?"

"मले काय झालं? जरा निळं निळं दिसते."

जसवंताने पाण्यात हात घातला, आईचा हात धरला आणि ओढला. आत तो हात होता. रेषेच्या बाहेर येताच लेकीच्या मुठीत नुसतं पाणी उरलं. तिनं घाईघाईनं ती ओंजळ परत आत सोडली, तेव्हा मनगटाला पंजा जोडला गेला.

"असं नको करू," भिवरा म्हणाली. "दुखते."

चहाचा कप मात्र आत गेला आणि रिकामा होऊन बाहेर आला. वस्तूंना अडकाठी नव्हती, फक्त आत सापडलेल्या माणसाला होती.

धिवरटोला ही मासेमारांची वस्ती; तिथल्या एकतीसही घरांत असंच पाणी उभं राहिलं होतं, आणि का ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फाल्गुनात गारपीट झाली, कौलं फुटली, आणि सरकारनं घरटी एक निळी ताडपत्री वाटली. लोकांनी ती जिथं फुटलं होतं तिथं अंथरली. आकाशातून जमिनीची चित्रं काढणाऱ्या कंपनीच्या संगणकाला निळं म्हणजे पाणी, एवढंच शिकवलेलं. त्यानं दहा-दहा मीटरचे चौकोन पाडले आणि जिथं निळं दिसलं तिथं पाणी लिहिलं. जमीन बिचारी लिहिलेलं ऐकणारी.

आणि खरा तलाव? टोल्याच्या उशाशी तो होता, धिवरांच्या सात पिढ्या त्याच्यावर जगल्या. आठ वर्षांत कुणी त्यातली जलपर्णी काढली नाही, बेशरमीची झुडपं काठावरून मधोमध आली. वरून तो हिरवागार दिसे, म्हणून त्याला जंगल लिहिलं. मासेमारी संस्थेच्या बायका जाब विचारायला गेल्या तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की तिथं तलाव नाहीच. तलाव होता तिथं नाही म्हणायचं, आणि घर आहे तिथं तलाव म्हणायचं. जसवंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पदर खोचून जिल्ह्याच्या गावी निघाली.

सरकारी निरीक्षण कक्ष थंडगार होता. भिंतीवर पृथ्वीचं मोठं चित्र होतं आणि खाली 'शाश्वत विकास' असं लिहिलेलं होतं. तिथल्या अधिकाऱ्यांनी, केळापुरे साहेबांनी, तिला खुर्ची दिली.

"साहेब, माही माय पान्यात हाय."

"पाणी वाढलंय, हे आम्हालाही दिसलं," साहेब खुशीत म्हणाले. "सगळ्या जिल्ह्यात एकट्या तुमच्या टोल्यात. परदेशातले लोक विचारतात, कसं साधलंत?"

"थे पानी नोहे. ताडपत्री हाय. तुमीच देल्ली."

"ताडपत्रीचा विभाग वेगळा."

"मंग घर हाय असं लिवा."

"आम्ही लिहीत नाही, बाई. वरून येतं." त्यांनी छताकडे बोट दाखवलं. "उपग्रह दर पाच दिवसांनी येतो. आता तुमचं पाणी हंगामी आहे. सलग तीन फेऱ्या दिसलं, की कायम होतं."

"कायम झाल्यावर माय?"

"कायम जलसाठ्यातून काही बाहेर निघत नाही. मात्र त्याआधी जागेवर पडताळणी होते. मी स्वतः येतो, काळजी करू नका."

साहेब रविवारी आले. टोल्याच्या वेशीवर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून एक नाव उतरवली. साहेब जीवरक्षक जाकीट घालून नावेत बसले आणि चार मजुरांनी ती नाव धूळभरल्या गल्लीतून ओढत जसवंताच्या दारापर्यंत आणली. जलसाठ्याच्या पडताळणीत नावेतून उतरायची परवानगी नव्हती. नाव उंबऱ्यावरून आत घेतली, चुलीपाशी टेकवली. साहेबांनी नावेतच चहा घेतला. पाण्यातल्या भिवरेला त्यांनी नमस्कारही केला.

"पाहा साहेब, हे चूल, हे मांडनी, हे माय. आता लिवा."

साहेबांनी मोबाइल काढला. पडद्यावर एकच प्रश्न होता: पाणी किती फूट?

"घर असं नाही का त्याच्यात?"

"नाही. पाणी आहे हे त्यांनी सांगितलंय. किती आहे ते आपण सांगायचं. हे भरल्याशिवाय पुढे जात नाही."

त्यांनी आकडे रंगवलेली काठी पाण्यात उभी केली. तळ लागला तिथं एक टिकली पडलेली होती. पाण्यानं पार आढं गाठलं होतं, पण काठी साडेचार फुटांचीच होती. साहेबांनी साडेचार लिहिलं.

"खोटं काही लिहिलं नाही मी," ते म्हणाले.

काठीपुरतं ते खरंच होतं, आणि त्याचाच जसवंताला सर्वांत जास्त संताप आला. खोटारड्याला निदान तोंडावर खोटारडा म्हणता येतं.

सोमवारी सूर्य उगवायच्या आत एकतीस घरांवरच्या ताडपत्र्या निघाल्या. बायकांनी त्या घड्या घालून भाताच्या तणसाच्या ढिगात पुरल्या. साडेदहाला सगळा टोला गल्लीत उभा राहिला आणि वर पाहू लागला, कौलंही दिसावीत आणि माणसंही. चित्र स्वच्छ आलं. संगणकाला कौलं दिसली. मग त्यानं केळापुरे साहेबांची पडताळणी पाहिली आणि माणसावर विश्वास ठेवला. गल्ल्या कोरड्या राहिल्या. एकतीस घरं काठोकाठ भरली. जसवंताची चूल विझल्याचा आवाज गल्लीत ऐकू आला.

त्यानंतर ती छपरावर राहू लागली. फुटलेल्या कौलांतून खाली आई दिसे. विणणं चालूच होतं.

गुरुवारी टोल्याच्या तोंडाशी 'जलसमृद्ध वस्ती' अशी पाटी लागली. शुक्रवारी एक टेम्पो आला. नव्या तलावाचा मासेमारीचा ठेका बाहेरच्या माणसाला मिळाला होता. त्यानं दारादारांतून रोहूची पिल्लं सोडली, जसवंताच्या देव्हाऱ्यापाशीही सोडली. धिवराच्या घरात, धिवराच्या नाकावर टिच्चून. तिनं दात-ओठ खात ते पाहिलं.

"तगडी पिल्लं हाय," भिवरा खालून म्हणाली. "तू काहून रडतं?"

"रडत नाई. राग येते."

"मंग हे घे."

कौलांतून जाळ्याचं टोक वर आलं. जसवंता ओढत गेली. हात हात जाळं येत राहिलं, पाण्यातून येऊनही कोरडं, काठाला शिशाच्या गोळ्या बांधलेलं. दहा दिवसांचं विणकाम सगळ्या छपरावर पसरलं तरी संपेना. त्याची दोरी मात्र खालीच गेलेली होती, खाटेपर्यंत.

शनिवारी सकाळी गल्लीत नाव आली. तिसऱ्या फेरीला साहेब हजर राहणार होते, फोटो काढायचा होता. दहा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी जसवंता आढ्यावर उभी राहिली. बापानं शिकवलं होतं तशी दोरी तिनं मनगटाला गुंडाळली, एक गोळी दातांत धरली, जाळ्याचा घेर दोन्ही हातांवर घेतला.

"बाई, खाली या," साहेब नावेतून म्हणाले. "चित्रात याल."

तिनं कमरेतून वळून जाळं वर फेकलं. ते सुपाएवढं उघडलं, मग अंगणाएवढं, मग टोल्याएवढं. त्याची सावली गल्लीवरून, नावेवरून, हिरव्या तलावावरून सरकत गेली. खाली काहीच आलं नाही. बरोबर साडेदहाला दोरी ताणली आणि तिच्या मनगटाला हिसका बसला. वर काहीतरी जड धडपडत होतं.

"सोडा ते," साहेब म्हणाले. "ते आपलं नाही."

जसवंताने टाचा आढ्याला रोवल्या. पायांखालच्या कौलांतून दोरीला दुसरी ओढ लागली.

"वजन हाय," भिवरा पाण्यातून म्हणाली. "हळू घे. तुटू देऊ नको."