बेडकीचं उरलेलं सामान

ते १९७४ साल होतं. त्या साली माझ्या आईचा डावा हात मोडला आणि त्याचं खापर माझ्या उजव्या पायावर फुटलं. मी सत्तावीस वर्षांची होते आणि मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बायकांना गाडी शिकवत होते. हे काम करणारी आमच्याकडे मी एकटीच बाई.

वडील गाड्यांचे डायनामो आणि स्टार्टर दुरुस्त करायचे. गिऱ्हाइकाने मोडीत काढलेली एक दोन सीटची स्पोर्ट्स कार त्यांनी घरी ओढत आणली आणि सात वर्षं खपून उभी केली. हिरवी, बुटकी, वटारलेल्या डोळ्यांसारखे दिवे. आम्ही तिला बेडकी म्हणायचो. वडिलांच्या हातात पाने-पकडी देत मी वाढले. शेवटच्या आजारात ते म्हणाले होते, बेडकी धाकटीची. धाकटी म्हणजे मी.

ताईचे यजमान, म्हणजे आमचे भावजी, विमा कंपनीत कारकून होते. दोघं आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायची. वडील जाऊन सहा महिने झाले नाहीत तोच भावजींनी मला न विचारता बेडकी बाहेर काढली, पाणी आहे की नाही न बघता चढावर दामटली आणि इंजिनाला तडा पाडून परत आणली. कुणालाही मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. ह्यांना उलट हुरूप आला. कुठूनसं एका डिलिव्हरी व्हॅनचं जुनं इंजिन मिळवलं, मोटारींची दोन मासिकं समोर उघडून ठेवली आणि तीन महिने दर रविवारी शेडमध्ये ठोकाठोकी केली. मी डोकावले की म्हणायचे, "तू लांब हो. हात काळे होतील." माझे हात दहाव्या वर्षापासून काळे होते.

नवं इंजिन बसलं तेव्हा बरंच सामान उरलं. भावजींना त्याचं कोण कौतुक. नट-बोल्ट, क्लिपा, पट्ट्या बिस्किटाच्या डब्यात घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला डबा खुळखुळवून दाखवायचे. कंपनीवाले उगाच जास्तीचं लावून ठेवतात म्हणे. एवढं काढलं तरी गाडी चालतेय की नाही?

चालत होती, पण किल्ली फिरवली की स्टार्टर दुखणेकऱ्यासारखा कण्हायचा आणि दिवे मिणमिणायचे. भावजींनी बॅटरी बदलली. तरी तेच. पुन्हा बदलली. मग जाहीर केलं की जुन्या गाड्यांचा तो स्वभावच असतो. हे ऐकून मी गप्प बसले. घरात वाद नको म्हणून. त्या गप्प बसण्याचा राग मला आजही येतो.

एके दिवशी सकाळी आईचे डोळे तपासून आम्ही दोघी दवाखान्यातून निघालो. गाडी सुरू होईना. सात-आठ वेळा किल्ली फिरवली तेव्हा कुठे लागली. समोर पंधरा पावलांवर आवाराची भिंत होती, तिच्या अलीकडून वळायचं होतं. पहिला गिअर टाकला, ॲक्सिलरेटर दिला आणि पाय उचलला. पाय वर आला, पेडल आलं नाही. इंजिन किंचाळत सुटलं. मी क्लच दाबला, किल्ली बंद केली. तोवर भिंत आली होती.

इंजिनाचं किंचाळणं आवारातल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. समोरच्याच विमा कंपनीच्या ऑफिसातून भावजी धावत आले आणि त्यांनी पेडल दाबून पाहिलं. आता ते छान सुटं वर-खाली होत होतं.

"ब्रेकच्या जागी ॲक्सिलरेटर," ते जमलेल्या लोकांना म्हणाले. "बायकांचं होतं असं."

हे मी गिळलं असतं. पण आत डॉक्टर प्लॅस्टर घालता घालता विचारत होते काय झालं, आणि माझी सख्खी आई म्हणाली, "पाय चुकला हो पोरीचा."

आठवड्याच्या आत मास्तरांनी मला कामावरून थांबवलं. जिचा स्वतःचाच पाय चुकतो तिच्याकडे बायका शिकायला कशा येतील, असं त्यांचं म्हणणं. दुसरं काही कारण सापडलं तर ये, म्हणाले, आणि हसले.

मी दुसऱ्या दिवशी भावजी ऑफिसला गेल्यावर शेडमध्ये शिरले. चेपलेलं बॉनेट पहार घालून उघडलं. स्टार्टर काढून टेबलावर ठेवला आणि थेट बॅटरीला जोडला. भोवऱ्यासारखा फिरला. परत गाडीत बसवला, तर पुन्हा कण्हणं. म्हणजे बॅटरी चांगली, स्टार्टर चांगला, दुखणं मधल्या वाटेत. वडील सांगायचे, वीज नुसती जात नाही, तिला परतही यावं लागतं. आणि इंजिन बसलेलं असतं रबरी पायांवर. रबरातून वीज परत येणार कशी? म्हणून इंजिनापासून गाडीच्या सांगाड्याला तांब्याच्या तारांची विणलेली जाड पट्टी लावतात. ती मला कुठे दिसेना. सांगाड्यावर बोल्टचं एक रिकामं भोक होतं आणि त्याच्याभोवती दोन बोटं रुंद लखलखीत जागा. तिथं कित्येक वर्षं काहीतरी आवळून बसलेलं होतं.

मी ताईला हाक मारली, किल्ली फिरवायला सांगितली आणि इकडे-तिकडे हात लावत गेले. पेडलपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या ॲक्सिलरेटरच्या लोखंडी वायरला बोटं लागली तशी कातडी चरचरली. मला सगळं कळलं. पट्टी नाही म्हणून स्टार्टरची सगळी वीज त्या बारीक वायरमधून परत येत होती. वायर तापायची, तिच्यावरचं आवरण वितळायचं आणि वायरला धरून ठेवायचं. दवाखान्यासमोर मी सात-आठ वेळा किल्ली फिरवून तिला पुरती तापवली होती. मग धडकेत इंजिन पुढे सरकलं, वायर हिसकली गेली आणि सुटली. म्हणून भावजींना पेडल मोकळं लागलं.

बिस्किटाचा डबा पालथा केला. पट्टी नव्हती. भाजलेली बोटं नळाखाली धरायला मी फाटकाजवळ गेले. फाटकाची कडी मोडल्यापासून ताईने ते कशाने तरी अडकवून ठेवलं होतं. विणलेली तांब्याची पट्टी, दोन्ही टोकांना भोकं. मी ती दिवसातून चार वेळा खिळ्यातून काढत होते आणि परत घालत होते.

"मी विचारलं होतं ह्यांना," ताई मागून म्हणाली. "लागत नाही ना म्हणून. तर म्हणाले, उरलंय, घे."

संध्याकाळी मी भावजींना ॲक्सिलरेटरची वायर हातात धरायला लावली आणि ताईला किल्ली फिरवायला सांगितली. त्यांनी हात झटकला आणि बोटं तोंडात घातली. मग आईच्या देखत पट्टी जागेवर आवळली. एका फिरकीत इंजिन लागलं.

भावजी म्हणाले, "अर्थिंगचं काहीतरी असणार, हे मी म्हणतच होतो."

मी म्हटलं, ठीक आहे, मग उद्या माझ्याबरोबर चला आणि मास्तरांना एवढंच सांगा की चूक गाडीत होती. तर त्यांच्या ऑफिसातले लोक तिथे शिकायला येतात, वीतभर पट्टीसाठी त्यांची शोभा करू नये, असं निघालं. ताई म्हणाली, "ताणू नकोस गं. घरातली गोष्ट आहे."

"मोडला तो हातही घरातलाच होता," मी म्हटलं. आई उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी नवी वायर बसवली. एका दिव्याची, चेपल्या नाकाची बेडकी बाहेर काढत होते, तेवढ्यात आई गळ्यात हात अडकवून पायऱ्या उतरून आली.

"दार उघड," ती म्हणाली. "एका हाताने जमत नाही मला."

त्याच सीटवर बसली. आम्ही स्कूलवर पोचलो. मास्तर बाहेर आले, शिकणाऱ्या बायकाही आल्या, तेव्हा खिडकीतूनच म्हणाली, "तिचा पाय चुकला नव्हता, मी चुकीचं बोलले. खात्री करायची तर माझ्या जावयाला विचारा. पण ते खरं सांगायचे नाहीत."

मास्तरांनी हनुवटी खाजवली. म्हणाले, ये परत, पण सध्या वर्गात बसून रस्त्यावरची चिन्हं शिकव, गाडीचं पुढे बघू. मी माझ्याकडेच राहिलेली स्कूलच्या गाडीची किल्ली त्यांच्या टेबलावर आपटली आणि निघाले.

त्या बायकांपैकी तिघी माझ्या मागून आल्या. त्यांच्यावर माझी स्वतःची स्कूल सुरू झाली आणि मी ती एकतीस वर्षं चालवली. गाडी बेफाम सुटली तर क्लच आणि किल्ली, हा माझा पहिला धडा असायचा. मास्तरांनी पुढे स्कूल विकली, त्यांची नात माझ्याकडे शिकली. आई अजून अकरा वर्षं होती आणि कुठेही जायचं तर बेडकीतूनच जायची. बेडकी आता माझ्या भाच्याकडे आहे, तेच व्हॅनचं इंजिन घेऊन.

भावजींनी वयाच्या सत्तराव्या वर्षी पाहुण्यांसमोर हीच गोष्ट रंगवून सांगितली. त्यात पट्टीचा दोष त्यांनी शोधला होता. मी ताटावरून उठले. नंतर चार वर्षांनी ते गेले, माझ्याशी त्या विषयावर एक अक्षर न बोलता.

ताई आता माझ्याकडेच राहते. मागच्या वर्षी भाजी निवडताना सहज म्हणाली की निरोप मिळून ती दवाखान्यात आली, आईला प्लॅस्टर घालत होते, तेव्हाच तिला फाटकाची पट्टी आठवली होती. पण ह्यांना काय वाटेल म्हणून बोलली नाही. मी तिला त्या दिवशी चहा विचारला नाही. रोज विचारते, त्या दिवशी नाही.