काचेच्या शेगडीवरची खीर

मित्रांनो, मी एक जुना गंज आहे, म्हणजे मोठं पातेलं. जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, रुंद तोंडाचा, पंचवीस माणसांची खीर शिजेल एवढा. माझं बूड ठोके खाऊन आता थोडं फुगलं आहे.

खापा या आपल्या गावच्या बाजारातून मला सिंधूताईनं आणलं. बुद्धपौर्णिमेला विहारासमोर तीन दगडांची चूल मांडायची, खाली लाकडं पसरायची. जाळ माझ्या काठापर्यंत चढायचा. सिंधूताई तासभर उलथनं फिरवायची, तेव्हा कुठे खीर दाटायची. लोक द्रोण चाटूनपुसून खायचे आणि म्हणायचे, "ताई, या गंजाले मोडीत देऊ नका बरं!" मी मनातून सुखावायचो.

तिचा नवरा धोंडबा वारल्यावर मुलानं, संघपालनं, तिला नागपूरला फ्लॅटवर नेलं. तिनं मलाही सोबत घेतलं. तिथं ओट्यावर गुळगुळीत काळ्या काचेची विजेची शेगडी होती. बटण फिरवलं की काचेखाली लाल गोल उमटायचा. सून मोनालीची सगळी भांडी सपाट बुडाची आणि त्या गोलांच्या मापाची. मी वरच्या फळीवर गेलो.

बुद्धपौर्णिमा आली. संघपाल आणि मोनाली सकाळीच कामावर गेले होते. बिल्डिंगमधल्या सगळ्यांना खीर द्यावी, असं सिंधूताईच्या मनात आलं. तिनं मला काढलं, दूध ओतलं, तांदूळ घातले आणि सर्वांत मोठ्या गोलावर ठेवलं.

तो गोल माझ्या बुडाच्या निम्माही नव्हता. मी नीट टेकलोही नाही. मधे दूध करपू लागलं आणि कडेचे तांदूळ कच्चेच राहिले. तिनं आच वाढवली. माझ्या बुडाखाली उष्णता कोंडत गेली आणि काच तडकली. तो आवाज मी अजून विसरलो नाही.

संध्याकाळी संघपालनं तडा पाहिला.

"माय, काहून ठेवला हा गंज? एवढ्याशा गोलावर एवढं भांडं राहते का?"

"मले कोणी सांगतलंच नाही गा."

"आता कशालेच हात लावू नको तू."

"बरं," ती म्हणाली.

पंधरा दिवसांत नवी काच बसली. मोनाली म्हणाली, "आई, आज वरण तुमच्या हातचं करा नं. मी दाखवते, कोणत्या गोलावर कोणतं भांडं ते."

"नाही वं, पुन्हा काही फुटून जाईन."

ती नंतर चहासाठीसुद्धा ओट्याजवळ आली नाही. ताट समोर आलं की जेवायची आणि हात धुवून खिडकीशी बसायची. हिवाळ्यात ती गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला खाप्याची माणसं आली. जेवण बाहेरून मागवलं होतं. एका म्हाताऱ्यानं सहज विचारलं, "खीर नाही का?" संघपाल उठून आत आला. त्यानं मला फळीवरून काढलं आणि कितीतरी वेळ नळाखाली घासत राहिला. मी स्वच्छच होतो.

मित्रांनो, काचेच्या शेगडीवर भांडं सपाट बुडाचं आणि गोलाच्या मापाचंच ठेवा. पण घरात नवी वस्तू आली की आधी जुन्या माणसाजवळ बसा आणि ती वापरायची कशी ते त्याला शिकवा. चूक झालीच, तर त्याला दूर बसवू नका. त्याच दिवशी, त्याच ओट्याशी, त्याच्या हातात पुन्हा उलथनं द्या. दुसऱ्या दिवशी फार उशीर झालेला असतो.