ओली भुई

अक्का म्हटलं की मला आधी ओल्या शेणामातीचा वास येतो, मग तिचा चेहरा. चैत्राच्या उन्हात सारवण वाळू लागलं की तो वास हळूहळू विरत जातो, आणि माझी ही थोरली बहीण, केसांत एक पांढरी बट, नखांत कायमची माती, उकिडवी बसून त्या वाळण्याकडे एकटक पाहत राहते. शिल्पकार म्हणून तिचं नाव झालं. बसायची ढब मात्र एरंडोलचीच राहिली.

त्या वर्षी जळगावात, पिंप्राळ्याच्या एका सभागृहात, प्रदर्शनासाठी तिने आमचं एरंडोलचं स्वयंपाकघर मांडलं होतं. आईच्या जुन्या लुगड्यांच्या भिंती, मधोमध मांडे भाजायचं पालथं खापर, आणि खाली सारवलेली भुई. त्या ओल्या भुईवर तिने माझ्या लेकीची पावलं उमटवून घेतली होती, आमचं बालपण म्हणून. लहानपणी ओल्या सारवणावरून पळाल्याबद्दल आम्ही दोघांनी आईचे भरपूर धपाटे खाल्ले होते. आता आईने ती पावलं एकदा डोळे भरून पाहावीत, एवढीच अक्काची आस होती.

उद्घाटनाच्या दिवशी आई सकाळच्या एसटीने आली. अक्का फुलं आणायला गेली होती. परतली तेव्हा आईने पदर खोचून, कोपऱ्यातल्या बादलीतल्या उरलेल्या शेणामातीने अख्खी भुई सारवून काढली होती. पावलं गेली होती, आणि त्यांच्या जागी तिच्या बोटांचे एकात एक गुंतलेले अर्धगोल ओलेपणी चमकत होते.

“बठ्ठी भुई तुडायेल व्हती, माय,” सगळ्या भुईभर उमटलेल्या त्या पावलांबद्दल, हात धूत ती म्हणाली. “पाव्हना येतीन तं काय म्हनतीन?”

मला हसू आवरेना. अक्काला राग अनावर झाला.

“तुले काहीच समजत नही, आई.”

एवढंच बोलून तिने आईच्या देखत ती भुई पुन्हा सारवली, माझ्या लेकीला पुन्हा तीवरून चालवलं. आई आपल्याच लुगड्याच्या भिंतीशी अंग चोरून उभी होती. लोकांनी पावलांचं फार कौतुक केलं, आणि आई दुपारच्याच गाडीने परत गेली.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, लेकी माहेरी येतात. त्या वर्षी अक्काचं जाणं कामात राहून गेलं. पुढच्या पावसाळ्यात आई गेली.

एरंडोलच्या घरी आता फरशी आहे. अक्का अजूनही दर प्रदर्शनात ती भुई मांडते, पण पावलांवाचून. आईच्या बोटांचे ते अर्धगोल तिला उमटवायचे असतात. माती तीच, हाताची ठेवणही आईचीच, तरी ते साधत नाहीत. “खोटी पावलं राखायला मी तिचा खरा हात पुसला रे,” असं ती एकदाच म्हणाली, बादलीत पाहत.

काळ माणसं नेतो, त्याला इलाज नाही. पण जाणाऱ्याने मागे ठेवलेली खूण कधी कधी आपणच पुसून टाकतो, आणि मग आठवण जन्मभर त्या वाळत्या भुईशी उकिडवी बसून राहते.