भागीरथाने सजवलेलं टेबल

पोषण महिन्याच्या प्रदर्शनात टेबल कोण सजवणार, हे गावात कुणाला विचारावं लागलं नाही. चामोर्शीकडच्या त्या गावात परसबाग म्हटली की भागीरथाचीच. नवरा लटारू तळ्यावर मासे धरायला जायचा, मुलगा सुरेंद्र गिट्टीच्या गाडीवर ड्रायव्हर होता, आणि घरामागचा तुकडा तिने एकटीने राखला होता. मुनगा, म्हणजे शेवगा; अंबाडी, लाल माठ, चवळी, पुदिना; सांबार, म्हणजे कोथिंबीर; गवती चहा. कुंपणावर कोहळ्याचा वेल. सप्टेंबर सरत आला, पावसाने हात आखडता घेतला, की ती जागा अशी भरून यायची की वाटेने जाणारी माणसं थांबून बघायची.

प्रदर्शनाच्या सकाळी ती पाला खुडत होती आणि तिची सून जया टोपली धरून मागे उभी होती. जयाला सातवा महिना होता. तोंड पिवळट पडलं होतं, चार पावलं चालली की तिला दम लागायचा.

"आई, मुनग्याचा थोडा पाला भाजीले ठेवा ना," जया म्हणाली. "वासानंच खावंसं वाटून राह्यलं."

"उष्ण पडते तुले. बाळंत झाल्यावर खाजो, पोटभर."

जयाने टोपली पुढे केली. सासूला उलट बोलणं तिला जमत नसे.

भागीरथाच्या मनात खोट नव्हती. तीस वर्षांपूर्वी, सुरेंद्रच्या आधी, तिला दिवस गेले होते. एकदा तिने मुनग्याची भाजी खाल्ली आणि तिसऱ्या दिवशी पोट रिकामं झालं. सासूने त्या भाजीचंच नाव घेतलं. पाचव्या महिन्याचं मूल होतं. तेव्हापासून गरोदर बाईच्या ताटात मुनगा, अंबाडी, पपई, काही म्हणजे काही पडू द्यायचं नाही, हे तिच्या हाडात बसलं होतं. नर्सबाईने दिलेल्या रक्तवाढीच्या लाल गोळ्यांनी जयाला मळमळायला लागलं, तेव्हा तिने त्याही बंद करायला लावल्या. गोळ्यांनी मूल मोठं होते, अडते, असं तिने ऐकलेलं होतं. सुरेंद्र आठ-आठ दिवस बाहेर. त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये अंगणवाडीच्या माधवीताईने दोन बाकं जोडून दिली. भागीरथाने त्यांवर पळसाची पानं अंथरली. कडेने कढीपत्त्याच्या डहाळ्या, मधे लाल माठाचे जुडगे, चारी कोपऱ्यांवर कोहळ्याची पिवळी फुलं. अंबाडीचे लालसर देठ तिने पंख्यासारखे पसरले. पुदिन्याच्या आणि सांबाराच्या जुड्या पितळी तांब्यांत उभ्या केल्या. टेबलावरचं सगळं खायचं होतं, नुसतं शोभेचं एक पानही नव्हतं. मुनग्याचा पाला तिने मधोमध ढीग करून ठेवला, कारण माधवीताई म्हणाली होती, सगळ्यात जास्त ताकद त्यातच हाये.

ते ऐकून भागीरथाचे हात थांबले होते. पण क्षणभरच.

तालुक्याच्या मॅडम आल्या. टेबल पाहून त्यांनी फोटो काढायला लावला. त्यांच्यासोबत गावाची नर्स साधना सिस्टर होती. तिने जयाकडे पाहिलं, तिच्या डोळ्याची पापणी अंगठ्याने खाली ओढली आणि आवाज खाली आणून विचारलं, "जया, मागच्या वेळी रक्त आठवर होतं तुझं. घरी एवढं पिकते, खात नाईस का?"

भागीरथा दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिला ऐकू आलं.

जयाने पदर सावरला. "आई देतात रोज. मलेच पचत नाई."

"आणि गोळ्या?"

"घेतो ना."

त्याच वेळी मॅडमनी भागीरथाला पुढे बोलावलं. पहिला नंबर तिचा होता. खरं सांगायला तेवढीच वेळ होती, आणि ती टाळ्यांत गेली. तिने प्रमाणपत्र घेतलं, फोटोसाठी जयाच्या बाजूला उभी राहिली. सुनेचा दंड तिच्या दंडाला लागला तेव्हा तो थंड होता.

माणसं पांगायला लागली आणि जया बाकाचा कोपरा धरून हळूहळू खाली बसली. "आई, दिसत नाई मले," ती म्हणाली आणि कलंडली. पळसाची पानं तिच्यासोबत ओढली गेली, मुनग्याचा ढीग तिच्या अंगावर सांडला. भागीरथा तिच्या केसांतला पाला वेचत बसली. सिस्टरने शेवटी तिचा हात बाजूला केला.

अ‍ॅम्ब्युलन्सने त्यांना गडचिरोलीला नेलं. सुरेंद्र वाटेतूनच गाडी सोडून आला होता. रक्ताचा आकडा पाचच्या जवळ निघाला. तरुण डॉक्टरीण कागद घेऊन बाहेर आली. जयाच्या तोंडावर ऑक्सिजन होता, तिला विचारण्यात अर्थ नव्हता.

"काय खाते ही? गोळ्या किती घेतल्या?"

"सगळं खाते मॅडम," सुरेंद्र म्हणाला. "आमच्या घरी भाजीपाल्याची काय कमी. आजच आईचा नंबर आला."

डॉक्टरणीने मान हलवली आणि लिहायला लागली. पेन कागदावर चाललेलं भागीरथाने पाहिलं. आता गप्प राहिलं तर जयाचं खोटंच कागदावर खरं होणार होतं.

"लिहू नका तसं," ती म्हणाली. "मी देत नव्हती तिले. पाला नाई, गोळ्या नाई. ती मागे, मी नाई म्हणो."

सुरेंद्रने आईकडे वळून पाहिलं. "काऊन?"

तिने त्याला सांगितलं. त्याच्या आधी एक होतं, आणि ते कसं गेलं, हेही सांगितलं. हे त्याला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं.

डॉक्टरीण म्हणाली, "पाचव्या महिन्यात मूल पडायची कारणं वेगळी असतात, बाई. भाजीने तसं होत नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

"कोण सांगणार होतं," भागीरथा म्हणाली. तीस वर्षं तिने एका भाजीपायी स्वतःला खुनी मानलं होतं. आता ते ओझं उतरलं, तर त्याच्या जागी दुसरं, त्याहून जड, तिच्यासमोर पडद्यामागे निजलेलं होतं.

जयाला रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या. पोटातल्या बाळाचे ठोके चालू होते. चौथ्या दिवशी घरी सोडलं तेव्हा सुरेंद्रने भाड्याची गाडी गावाकडे वळवलीच नाही. तो जयाला मुलचेऱ्याकडे तिच्या माहेरी घेऊन गेला. आईला त्याने बसस्टँडवर उतरवलं आणि तिकिटाचे पैसे हातात ठेवले. जयाने खिडकीतून हात हलवला. तो समोर बघत होता.

घरी लटारू म्हणाला, "येईल राग जाऊन." प्रमाणपत्र भागीरथाने कपाटावर, वर्तमानपत्राखाली सरकवून दिलं.

दिवाळी झाली आणि मुलगी झाली, दिवसांच्या आधी, पावणेदोन किलोची. तीन आठवडे ती काचेच्या पेटीत होती. जगली. फोन जयाचाच आला. "आई, बारशाले या. हे काही म्हणणार नाईत."

भागीरथा दोन बस बदलून गेली. विहीणबाईने पाणी दिलं, चहा दिला. जया आता अंगाने भरली होती. ती आत पातेल्यातलं काहीतरी ढवळत होती आणि मधेमधे सासूकडे बघून हसत होती. भागीरथा ओसरीवर पाय पोटाशी घेऊन बसली. बाळ मागायचं तिला धाडस झालं नाही.

सुरेंद्रच बाळ घेऊन बाहेर आला. त्याने ते तिच्या मांडीवर ठेवलं. मूठभर जीव, कपाळ सुरकुतलेलं. भागीरथाने तिच्या तळपायाला बोट लावलं तसा पाय आक्रसला.

"चांगली हाये," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. पण तो आत गेला नाही. एका हाताच्या अंतरावर, भिंतीला न टेकता, ती बाळ परत देईपर्यंत तसाच उभा राहिला.