चार बोटं रुंद

मित्रांनो, माझ्या अंगावर निळे चौकोन आहेत, पोटात गंजलेल्या टाचण्या आहेत आणि पाठीवर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. मी एक जुनी गणिताची वही आहे. पण गणितं माझ्यात फक्त अकरा पानं आहेत. त्याच्या पुढे सगळ्या गोधड्या आहेत.

छापखान्यात यंत्राने माझ्या कागदावर आडव्या-उभ्या रेघा मारल्या, तेव्हा मला वाटलं होतं की जन्मभर आकडेच अंगावर वागवायचे. एका गवंड्याने मला मुलीसाठी विकत घेतलं. मुलीने अकरा पानं भागाकार केले, तेवढ्यात वर्ष संपलं, आणि मी रद्दीच्या गठ्ठ्यात गेले. त्या गठ्ठ्यातून मला तिच्या आईने ओढून काढलं.

"अगं, चांगली कोरी पानं आहेत हिच्यात," ती मुलीला म्हणाली. "आणि चौकोन आयते आखलेले!"

कोपऱ्यावरचा शिंपी कपडे बेतून उरलेल्या पट्ट्या एका पिशवीत टाकायचा. आई ती पिशवी घरी आणून पत्र्याच्या पेटीत रिकामी करायची. पेटी भरली की पट्ट्या पलंगावर पसरायची आणि डोळे अर्धवट मिटून बघत बसायची.

"झोप आली असेल तर त्या चिंध्यांवर नको, उशीवर डोकं टेक," गवंडी चिडवायचा.

"अहो, डोळे बारीक केले की रंग जातो. गडद कुठलं आणि फिकट कुठलं, तेवढंच उरतं."

मग तो पण डोळे बारीक करून बघायचा आणि म्हणायचा, "मला तर तूच फिकट दिसतेस."

यानंतर ती मला उघडून गोधडीचा एकेक मोठा चौकोन आखायची. मध्ये एक लहान चौकोन, त्याच्या चारी बाजूंनी पट्ट्यांचे फेरे, एका अंगाला फिकट, दुसऱ्या अंगाला गडद. लांब पट्ट्या ती आधीच बाहेरच्या फेऱ्यासाठी राखून ठेवायची, म्हणजे शेवटी पट्टी कमी पडायची वेळ येत नाही. प्रत्येक कापडाचा एक तुकडा ती पट्टीच्या टोकाकडून हव्या त्या रुंदीत कापून मला टाचायची आणि शेजारी लिहायची, 'चार बोटं रुंद' किंवा 'दोन बोटं'. टेप घरात होता, पण तो गवंड्याचा. तिचं माप तिच्या हातावरच होतं.

मित्रांनो, मी नुसती वही. पण सदऱ्याची बाही, पडद्याचा काठ, कुणाच्या शाळेच्या गणवेशाची उरलेली निळी पट्टी माझ्या चौकोनांत येऊन बसायची, आणि महिन्याभराने तेच पान पलंगभर मोठं होऊन समोर पसरायचं. दर वेळी माझा श्वास अडकायचा. मला श्वास नाही हे मला माहीत आहे, तरी अडकायचा. शिंपी एकदा गोधडी बघायला आला, तेव्हा बराच वेळ तिच्यावरून हात फिरवत राहिला. "वहिनी," तो शेवटी म्हणाला, "मी दुकानातून कचरा बाहेर काढतो म्हणून मला किती बरं वाटायचं. आता कसं वाटेल?"

मुलीचं लग्न झालं. तिला दिवस गेल्याचं कळलं, त्याच आठवड्यात आईने माझ्यात बाळाची गोधडी आखली. वीस चौकोनांची. त्यानंतर एक दिवस पलंगावर पट्ट्या पसरायच्या त्या जागी ती स्वतःच आडवी झाली. बरी होईन म्हणत होती. तीन आठवड्यांनी दाराबाहेर खूप चपला जमल्या, आणि पुढे दोन महिने मला कुणी उघडलं नाही.

मग एका सकाळी गवंड्याने मला टेबलावर ठेवलं. विटांनी सोलवटलेल्या बोटाने त्याने एकेक अक्षर लावलं. चार बोटं रुंद. त्याने स्वतःची चार बोटं पट्टीवर ठेवली, खडूने खूण केली आणि कात्री चालवली.

मला मोजता येतं, पण बोलता येत नाही. माझ्यावर टाचलेला तुकडा रुंदीला माझे बारा चौकोन झाकत होता. गवंडी कापत होता ती पट्टी सोळा झाकेल एवढी होती. तो तुकडा माप आहे हे त्याच्या लक्षातच आलं नाही. त्याला वाटलं, रंग कळावा म्हणून लावलाय.

गोधडीचे चार चौकोन त्याने कसेबसे शिवले. पेटीतल्या निम्म्या पट्ट्या त्याच्या चार बोटांना पुरतच नव्हत्या. त्या त्याने एका पोत्यात भरल्या आणि कचऱ्याच्या गाडीसाठी दाराशी ठेवल्या. ते आईने जमवलेलं शेवटचं कापड होतं. गाडी यायच्या आधी मुलगी आली.

"बाबा, हे काय?"

"अरुंद आहेत. चालत नाहीत. तुझ्या आईचा हिशेब चुकला गं या वेळी. आजारी होती ना."

"आईचा? एक वेळ तुमची भिंत वाकडी होईल, पण आईचा हिशेब नाही चुकायचा. आणा ती वही."

तिने मला मांडीवर घेतलं. टाचलेल्या तुकड्यावर सहज हात ठेवला. तिची चार बोटं या काठापासून त्या काठापर्यंत बरोबर बसली.

"तुमचा हात ठेवा बघू, बाबा."

त्याची तीन बोटं तुकड्यावर मावली. चौथं बाहेर माझ्या कोऱ्या चौकोनांवर पडलं.

"तीस वर्षं शेजारी बसलो," तो हळूच म्हणाला, "पण तिचं बोट केवढं, ते पाहिलं नाही."

बाहेर गाडीची घंटा वाजत होती. तो उठला आणि ते पोतं त्याने पलंगावर उलटं केलं.

चारही चौकोन त्याने उसवले, पट्ट्या कापून नीट केल्या आणि पुन्हा पेटीत ठेवल्या. माझ्या पानावर आईच्या अक्षराखाली लिहिलं, 'तिची चार, माझी तीन.' मग रोज थोडं थोडं शिवत गेला. शेवटच्या चौकोनाच्या बाहेरच्या फेऱ्याला एक गडद पट्टी हवी होती. पेटीत हात घातला, तर एकच पट्टी होती. गडद, आणि तेवढ्याच लांबीची. पेटीचा तळ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्या बाईने आखताना शेवटच्या पट्टीची जागासुद्धा ठरवून ठेवली होती. गवंडी तो रिकामा तळ बघत किती तरी वेळ उभा होता. मीही बघत होते.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणीतरी असेल जे बोटांनी, मुठीने, नुसत्या नजरेने माप घेतं. त्यांनी लिहून ठेवलेलं पुरेल असं समजू नका. ते माणूस समोर आहे तोवर, आजच, त्याच्या हाताला आपला हात लावून बघा.