त्रेसष्टावे काम

मी एक जुनी यादी आहे, मित्रांनो, आणि आज मी रागात आहे. जुन्या वस्तू आपली गोष्ट हळू आवाजात सांगतात. मला ते आज जमणार नाही.

मी कागदावरची यादी नाही, संगणकातली आहे. राहात्याच्या गोरक्षने नऊ वर्षांपूर्वी 'सुगावा' नावाचे अवजार तयार केले. संगणकाचा प्रोग्रॅम चुकीचा वागू लागला, की सुगावा त्याला चालता चालता थांबवतो आणि त्याच्या पोटात त्या क्षणी कोणता आकडा आहे ते दाखवतो. अशा अवजाराला डीबगर म्हणतात. गोरक्षने ते सगळ्यांसाठी खुले ठेवले. कोणीही घ्यावे, वापरावे, उघडून दुरुस्त करावे. सुगाव्यात काय काय करायचे राहिले आहे ते लिहून ठेवायला त्याने मला जन्म दिला. कुठल्याही गावचा माणूस माझ्यावर आपली अडचण लिहू शकतो. लिहिली की तिला क्रमांक मिळतो.

पहिल्याच आठवड्यात गोरक्ष एक काम खोडायला निघाला. त्याची आई छबूबाई शेजारी शेंगा फोडत बसली होती.

"झालं का रं त्या मान्साचं?" तिने विचारले.

"दुरुस्त केलंय की मी."

"तू केलंस. त्याचं झालं का? पानी पोचलं का, हे दारं धरनाऱ्याला इचारून काय उपेग? सरीच्या टोकाला जो उभा हाय, त्याला इचारावं."

छबूबाईचा जन्म उसाची दारे धरण्यात, म्हणजे पाटाचे पाणी सरीसरीत वळवण्यात गेलेला. गोरक्ष हसला, पण त्याने माझ्या माथ्यावर नियम लिहिला : ज्याने अडचण लिहिली, त्याने 'झाले' म्हटल्याशिवाय काम खोडायचे नाही. त्या एका ओळीवर मी कितीतरी वर्षे ताठ उभी राहिले. लोक लांबून लिहीत, गोरक्ष जागेवर बसून दुरुस्त करी, आणि लोक 'झाले' लिहीत. तेवढे सुख मला पुरे होते.

मग गोरक्षला बाहेरगावी नोकरी लागली. त्याने मला चुलतभाऊ सचिनच्या हवाली केले. सचिन वाईट नाही. छबूबाईच्या ओट्यावर बसून तो एकटा राबत असे. पण कामे वाढली, करणारे हात वाढले नाहीत. मी दोनशे तेवीस कामांची झाले. "ही यादी आहे का मारुतीचं शेपूट?" असे कोणीतरी माझ्यावरच लिहून गेले. त्यातच सचिनला नगरच्या एका मेळाव्यात सुगावा दाखवायचा होता. त्याला माझी लाज वाटली.

त्याने काय केले ऐका. त्याने एक छोटा प्रोग्रॅम माझ्यावर बसवला. ज्या कामावर नव्वद दिवस कोणी शब्द लिहिला नाही, त्याच्यापुढे तो आपोआप लिहिणार : 'हालचाल नाही. बंद.' माथ्यावरचा नियम त्याने पुसून टाकला. सचिनचा चहा पिऊन व्हायच्या आत माझी दोनशे चौदा कामे बंद झाली. नऊ उरली. मेळाव्यात लोकांनी टाळ्या वाजवल्या. यादी असावी तर अशी, म्हणाले. माझे तोंड दाबून धरले होते, आणि लोक म्हणत होते, किती शहाणी आहे, एक शब्द बोलत नाही.

त्या दोनशे चौदात त्रेसष्टावे काम होते. ते जामखेडच्या निकिताने लिहिले होते. ती गुरांची लस थंड ठेवायची पेटी बनवत होती. लस गार राहिली पाहिजे, पण गोठता कामा नये. गोठली की तिच्यात जोर राहत नाही. निकिताने लिहिले होते : 'पेटीत ठेवलेला तापमापक उणे दोन दाखवतो. सुगावा मात्र पेटीच्या प्रोग्रॅममध्ये चारचा आकडा आहे असे दाखवतो. दोघांपैकी कोण खोटे?'

खोटा सुगावा होता. आकडा शून्याच्या खाली गेला, की तो आधीचाच आकडा दाखवत राही. मला ते सांगता येत नव्हते. सचिनने ते वाचलेच नव्हते. निकिता उत्तराची वाट बघत राहिली, आणि अखेर त्या दिवशी तिला उत्तर मिळाले : 'हालचाल नाही. बंद.'

चार महिन्यांनी तिचा फोन आला. सचिनने तो माझ्याशेजारी ठेवून बोलता केला.

"सचिनदादा, त्रेसष्ट नंबर तुमी बंद केलं का?"

"मी नाही, ते आपोआप होतं. नव्वद दिवस कोणी बोललं नाही की."

"मी लिहून वाट बघत हुते. बोलायचं कोनी हुतं?"

सचिनने त्रेसष्टावे काम पहिल्यांदाच उघडले.

"मला वाटलं, बंद केलं म्हंजे तुमी बघितलं. सुगाव्यात खोट न्हाई, माझाच तापमापक बिघडलाय. तो फेकून दिला मी, अन् पेटी गुरांच्या डॉक्टरांना दिली. पेटीत लस गोठली. तीच लस बनुआत्याच्या गुरांना टोचली."

"अगं, पण तू परत लिहायचं ना."

"लाळ्या रोग झाला. आत्याचं वासरू गेलं, दादा. त्याचं कुठं लिहू?"

तिने फोन ठेवला. छबूबाईने सगळे ऐकले होते.

"सच्या," ती म्हणाली, "पानी पोचायच्या आदीच पाळी संपवलीस. अन् टोकाला उभ्या पोरीला म्हनतोस, तू वरडली का न्हाईस."

"काकू, दोनशे कामं एकट्यानं कशी करू?"

"नको करू. पर न्हाई झालं त्याला झालं म्हनू नको. उघडं ऱ्हाऊ दे. उघडं दिसलं तर मानूस दुसरी वाट तरी धरंल."

सचिनने दोन दिवसांत सुगावा दुरुस्त केला. एका ओळीची चूक होती, मित्रांनो. एका ओळीची! मग त्याने तो बंद करणारा प्रोग्रॅम उपटून टाकला, दोनशे चौदा कामे एकेक करून पुन्हा उघडली, आणि माझ्या माथ्यावर जुना नियम लिहिला. त्रेसष्टाव्याबद्दल त्याने निकिताला तीनदा निरोप पाठवला : 'दुरुस्त झाले आहे, बघ.' उत्तर आले नाही.

दीड महिना झाला. काल तो म्हणाला, "आता खोडतो हे एक. उत्तरच देत नाही ती."

"जामखेडची यष्टी बंद पडली का?" छबूबाईने विचारले.

मित्रांनो, माझा राग लांब यादीवर नाही. काम राहते, माणूस थकतो, हे मला कळते. माझा राग त्या पुसलेल्या जागेवर आहे, जी बघून माणूस फसतो. तुमच्या वहीत, घरात, गावात जे राहिले असेल, ते राहिले म्हणून लिहा. कोणी गप्प बसला, तर त्याचे दुखणे बरे झाले असे धरू नका. उठा आणि त्याला विचारा.

आज सकाळी सचिन जामखेडला निघाला. संगणक त्याच्या पिशवीत आहे, आणि मी संगणकात. त्रेसष्टावे काम उघडे आहे. निकिता दार उघडेल का, मला माहीत नाही. तिने 'झाले' म्हटले, तर ती आपल्याच हाताने लिहील. नाही म्हटले, तर ते तसेच राहील.